बाबांची संशयास्पद सही

त्या सकाळी दार वाजलं तेव्हा माझा एक डोळा दुधावर होता आणि दुसरा आरशावर. दुपारी प्रभाग कार्यालयात बैठक होती, आणि बैठकीला जाताना बाईचे केस कसे असावेत याबद्दल निवडून आल्यापासून माझी काही ठाम मतं झाली होती. नवरा कपाटात डोकं खुपसून मोज्यांची जोडी जमवत होता. सासरे, म्हणजे बाबा, खिडकीशी खुर्ची ओढून दाढी करत होते.

दारात एक माणूस उभा होता. खांद्याला कॅनव्हासची पिशवी, कपाळावर घाम, चेहऱ्यावर तीन जिने चढून आलेल्या माणसाचा सात्त्विक संताप.

"नमस्कार! या ना, आत या," मी म्हणाले. त्या काळात अनोळखी माणूस दिसला की माझ्या तोंडावर एक हसू आपोआप उमटायचं. प्रचारात लागलेली खोड, गेली नव्हती. "पाण्याची तक्रार का? लिहून आणलीय?"

"मी बेलिफ. कोर्टातून आलोय. समन्स आहे."

"हो का, द्या इकडे, माझंच असेल," मी हात पुढे केला. इतक्या प्रेमाने समन्सला हात पुढे करणारी बाई त्याने पहिल्यांदाच पाहिली असावी.

त्याने कागद पाहिला, मला पाहिलं, पुन्हा कागद पाहिला. "तुमचं नाही. तुमच्या सासऱ्यांचं आहे. साक्षीला बोलावलंय."

बाबा उठून आले. एका गालावर साबण, दुसरा गुळगुळीत. त्यांनी चष्मा लावला आणि समन्स वाचायला घेतलं. बाबा वाचतात म्हणजे सगळं वाचतात, अगदी खाली छापखान्याचं नाव असेल तर तेसुद्धा. बेलिफ कधी या पायावर, कधी त्या पायावर उभा राहत होता. हा रिकामा वेळ भरून काढणं लोकप्रतिनिधी म्हणून मला माझं कर्तव्य वाटलं.

"बरं झालं आलात," मी म्हणाले. "ही केस माझीच आहे. मला पदावरून परत बोलावण्यासाठी अर्ज केलाय काही लोकांनी. आणि त्या अर्जावर चक्क माझ्या सासऱ्यांच्या नावाची खोटी सही ठोकून दिलीय! सांगा, आहे की नाही कमाल? आता हेच येऊन सांगतील कोर्टात."

"असं?" बेलिफ म्हणाला. त्याला पाणी हवं होतं.

बाबांनी समन्सची घडी घातली. चपलांच्या कपाटाशी स्टुलावर टेकले, पोचपावतीवर सावकाश सही केली आणि कागद बेलिफाच्या हातात देता देता म्हणाले, "खोटी नाही. ती सही माझीच आहे."

दूध उतू गेल्याचा वास पहिल्यांदा आला तोही बेलिफालाच.

बाबा आयुष्यभर बसचे तिकीट तपासनीस होते. मधल्याच एखाद्या थांब्यावर गाडीत चढायचं, मागच्या दारापासून पुढच्या दारापर्यंत एकेकाचं तिकीट पाहायचं, उतरायचं, पुढची गाडी पकडायची. ज्याच्याकडे तिकीट नसेल त्याला दंड. त्यात लहान-मोठा, ओळखीचा-अनोळखी असा भेद नाही. आणि आणखी एक नियम: तपासनीसाने गाडीत बसायचं नाही. सगळी गाडी रिकामी असली तरी नाही. हा नियम खात्याचा होता की बाबांनी स्वतःच केला होता, हे मला आजपर्यंत कळलेलं नाही. सासूबाई होत्या तेव्हा त्या म्हणायच्या, "खात्याचा कसला? यांचाच. हा माणूस घरी आला तरी चहा उभ्यानेच पितो."

या माणसाशी माझी खरी ओळख लग्नानंतर काही दिवसांनी झाली. मी बसने माहेरी निघाले होते. कंडक्टर आला तेव्हा मी जरा लाडात येऊन म्हटलं, "मी तपासनीसांची सून." कंडक्टर हसला आणि पुढे गेला. पुढच्या थांब्यावर मागच्या दाराने बाबा चढले. एकेक सीट करत माझ्यापर्यंत आले.

"तिकीट?"

"बाबा, मी आहे!"

"दिसतंय. तिकीट?"

सगळ्या गाडीसमोर माझी पावती फाडली. कंडक्टरला झापलं ते वेगळंच. मी माहेरी जाऊन आईच्या गळ्यात पडून रडले. आई म्हणाली, सासरा कडक आहे बाई तुझा. संध्याकाळी परत आले तर माझ्या उशीवर महिन्याचा पास ठेवलेला, माझा फोटो लावून, शिक्का मारून. 

बाबांना थोर वगैरे करण्याचा माझा विचार नाही. थोर माणसाबरोबर एका घरात राहता येत नाही. बाबा हट्टी आहेत. तिकीट गिळून टाकणाऱ्या एका प्रवाशाची गोष्ट त्यांनी आम्हाला इतक्या वेळा सांगितली आहे की तो प्रवासी आता आमचा नातेवाईक वाटतो. रेडिओ मोठ्याने लावतात आणि आम्ही कुजबुजतो अशी तक्रार करतात. माझ्या पहिल्या प्रचारसभेला पहिल्या रांगेत येऊन बसले तेव्हा मला भरून आलं होतं. भाषण संपेपर्यंत त्यांची मान छातीवर. घरी विचारलं तर म्हणाले, "खुर्ची चांगली होती गं."

निवृत्तीनंतर त्यांचा दिनक्रम एकच. सकाळी दाढी, मग कोपऱ्यावरच्या थांब्यावरून बस पकडून डेपोजवळच्या बागेत. तिथे जुने कंडक्टर, ड्रायव्हर जमतात आणि हल्लीच्या गाड्यांना नावं ठेवतात. माझा नवरा स्कूटरवर सोडतो म्हणाला तर नको. बसच हवी. बस वेळेवर येत नाही, गुडघे केव्हाच गेलेले, आणि थांब्यावर बसायला काही नाही. निवडणुकीच्या आधी एकदा ते एवढंच म्हणाले होते, "उभ्याने नोकरी केली. आता थांब्यावर तरी बसायला मिळावं."

आणि मी ते वाक्य उचललं. घराघरांत सांगितलं. थांब्यावर बाक! प्रभागातले सगळे म्हातारे माझ्यामागे उभे राहिले, म्हणजे उभेच होते बिचारे. राज्यशास्त्र घेऊन पदवीधर झालेली, घरकामात मुरलेली, सोसायटीच्या बैठकीत सगळ्यांना बोलू देणारी बाई म्हणून लोकांना मी बरी वाटले असेन. निवडणुकीत माझ्यासमोर थांब्याजवळच्या चष्म्यांच्या दुकानाचे मालक, आमचे चष्मेवाले, उभे होते. ते पडले. मी निवडून आले.

बाक मी विसरले असं कोणी म्हणू नये. उलट बाकाचा मी फारच विचार केला. पहिल्या बैठकीत कोणीतरी विचारलं, बाकाचं तोंड रस्त्याकडे की दुकानांकडे? मी म्हटलं, समिती नेमू. समितीने विचारलं, वर छत हवं ना? छप्पर आलं की कुंड्या आल्या. कुंड्यांना पाणी कोण घालणार, म्हणून उपसमिती आली. कागदावर बाकाचा 'ज्येष्ठ नागरिक विसावा प्रकल्प' झाला. तेवढ्यात कुणी सुचवलं की निदान ओटा तरी बांधून घेऊ, कामाला सुरुवात झाल्यासारखं दिसेल. ओटा बांधला. घोट्याएवढा उंच. त्यावर बसावं तर गुडघे कानाला लागतात. पण ओट्यामागे एक छान पाटी लावली: 'नियोजित बाक', आणि त्याखाली माझं नाव, बाक या शब्दापेक्षा मोठ्या अक्षरांत. मी फीत कापली. फोटो निघाले. मला आठवतं, तेव्हा माझे केसही छान बसले होते.

मग एकदा जेवताना बाबांनी विचारलं, "सूनबाई, बाकाचं काय झालं?"

"बाबा," मी घास खाली ठेवून म्हणाले, "घरात प्रभागाचं बोलायचं नाही, असं मी ठरवलंय. घरच्यांना वेगळा न्याय नाही. तुमचं काही म्हणणं असेल तर लेखी द्या."

बाबांनी हातातला घास संपवला. त्यांनी पाणी प्यायलं. मला मात्र माझं वाक्य इतकं आवडलं की पुढच्या दोन-तीन कार्यक्रमांत मी ते स्वच्छ कारभाराचं उदाहरण म्हणून सांगितलं. टाळ्याही घेतल्या.

आमच्याकडे कायदा असा आहे: प्रभागातल्या ठरावीक संख्येच्या मतदारांनी सह्या करून मागणी केली, तर निवडून दिलेल्या सदस्याला ठेवायचं की घरी पाठवायचं यावर पुन्हा मतदान घ्यावं लागतं. घरी पाठवणं माझ्या बाबतीत अक्षरशः खरं होतं, मला दुसरीकडे जायला जागाच नव्हती. चष्मेवाल्यांनी सह्या गोळा केल्या. कारण दिलं, 'आश्वासनपूर्ती नाही'. निवडणूक अधिकाऱ्यांनी सह्या तपासल्या. काहींनी दोनदा केल्या होत्या, काही दुसऱ्या प्रभागातल्या होत्या, त्या गळाल्या. उरल्या त्या बरोबर लागतात तेवढ्याच. त्यातली एक जरी बाद झाली तरी अर्ज पडणार. आणि त्यातल्या एकीसमोर अधिकाऱ्यांनी शेरा मारला होता: संशयास्पद. सरकारी नोंदीतली सही सरळ, ठसठशीत. ही वाकडी, वर-खाली झालेली, आणि शेवटचं अक्षर तर टुणकन उडी मारून वरच्या ओळीत गेलेलं.

ते नाव बाबांचं होतं.

ते वाचून मला काय वाटलं? सांगते. आनंद झाला. अगदी लॉटरी लागल्यासारखा. माझा मामेभाऊ वकील आहे. तो म्हणाला, "ताई, जिंकलो! स्वतःचा सासरा सुनेच्या विरोधात सही करेल का? ही सही पडली की अर्ज पडला." आम्ही कोर्टात धाव घेतली. मी प्रतिज्ञापत्रावर लिहून दिलं की ही सही माझ्या सासऱ्यांची असणं शक्यच नाही. त्यावरची माझी स्वतःची सही अगदी सुबक आली होती.

हे सगळं आम्ही आमच्या जेवणाच्या टेबलावर बसून लिहिलं. बाबा पलीकडच्या खोलीत होते. मध्ये एक भिंत, आणि भिंतीच्या दाराला पडदा. त्यांना विचारायला हवं, असं मला वाटलं नाही, नवऱ्याला वाटलं नाही, वकिलालाही वाटलं नाही. आमच्या घरात बाबांना औषध घेतलं का एवढं विचारतात. बाकीचं आम्हाला माहीत असतं.

कोर्टातल्या पहिल्या तारखेला मी माझ्या कामांच्या फोटोंचा अल्बम घेऊन गेले होते. न्यायाधीशबाईंना सर्दी झाली होती. त्यांनी रुमालाआडून अल्बमकडे पाहिलं. "हे काय?"

"यांनी केलेली कामं," मामेभाऊ म्हणाला. "आश्वासनं पाळली नाहीत हे कारणच खोटं आहे, हे दाखवायचं..."

"ते मी पाहणार नाही. यांनी काम केलं की नाही हे मतदारांनी ठरवायचं. मला एवढंच पाहायचंय की पुन्हा मतदान मागणाऱ्या सह्या खऱ्या मतदारांच्या आहेत का. अल्बम घरी ठेवा. आणि ज्यांच्या सहीवर वाद आहे त्या गृहस्थांना साक्षीला बोलावू."

म्हणून बेलिफ आला होता. मीच त्याला बोलावलं होतं, असं म्हटलं तरी चालेल.

तो गेल्यावर नवरा एक मोजा हातात घेऊन बाहेर आला. "बाबा, तुम्ही? हिच्या विरोधात सही केलीत?"

"विरोधात नाही. अर्जावर केली."

"अहो, पण का?"

"लेखी द्या म्हणाली," बाबा उरलेला गाल पुसत म्हणाले. "दिलं."

संध्याकाळी मामेभाऊ धावत आला. बाबांच्या समोर बसून त्याने अगदी गोड आवाज काढला. "बाबा, वय झालं की माणसाला सगळंच आठवत नाही. आठवत नाही एवढंच म्हणायचं कोर्टात. त्यात खोटं काही नाही."

"तू शाळेत असताना माझ्या गाडीत सीटखाली लपला होतास, तिकीट नव्हतं म्हणून. कुठल्या मार्गाची गाडी ते सांगू?"

मामेभाऊ लाल झाला. "बरं, मग सही मागे घेतो म्हणा. सुनेचा संसार... म्हणजे, सुनेचं पद आहे हो."

"पंच केलेलं तिकीट कंडक्टर परत घेतो का?"

"बाबा, हा कायद्याचा मुद्दा झाला का?"

"मला काय माहीत? वकील तू आहेस."

मग नवऱ्याने आवाज चढवला. "घरातल्या घरात सांगता आलं नसतं का, बाबा? चष्मेवाल्याच्या कागदावर सही करायची काय गरज होती?"

"घरातल्या घरात सांगितलं होतं," बाबा म्हणाले, आणि रेडिओ लावला.

मी गप्प होते, म्हणजे तोंडाने. पुढच्या आठवडाभर मी जे केलं त्याला फितवणं म्हणता येणार नाही. मी फक्त त्यांच्या चहात त्यांना आवडते तेवढी साखर घातली, जी डॉक्टरांनी बंद केली होती. नवी उशी आणली. रेडिओ मोठा लावला तर उलट म्हटलं, "आणखी मोठा करू का?" बाबांनी साखरेचा चहा प्यायला, उशीवर डोकं टेकलं, रेडिओ मोठा केला. साक्षीच्या दिवशी सकाळी कप खाली ठेवून म्हणाले, "चहा आठवडाभर छान होता हो." एवढंच. माझी लाच पचली, आणि पोटातून वर काही आलं नाही.

कोर्टात बसने जायचं, हा त्यांचाच हट्ट. नवरा आणि मामेभाऊ पुढे गेले, मी बाबांबरोबर थांब्यावर आले. फीत कापल्यानंतर तिथे उभी राहायची माझी ती पहिलीच वेळ. कार्यालयाची गाडी न्यायला यायची ना.

बस आली नाही. मी नवी चप्पल घातली होती, ती चावायला लागली. मी ओट्यावर बसून पाहिलं आणि उठताना हाताला पाटीचा आधार घ्यावा लागला. करण्यासारखं दुसरं काही नव्हतं, म्हणून पाटी वाचली. मग पुन्हा वाचली. नाव माझंच होतं, बदलत नव्हतं. बाबा एका गुडघ्यावरून दुसऱ्या गुडघ्यावर भार टाकत उभे होते, हळूहळू, जुन्या घड्याळाच्या लंबकासारखे. मध्येच त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. मला वाटलं, धीर देतायत. मग लक्षात आलं, टेकलेत.

समोरच्या दुकानातून चष्मेवाले कुलूप लावून बाहेर आले. त्यांनाही कोर्टातच जायचं होतं. आमच्याकडे पाहून अवघडले. मग बाबांना म्हणाले, "बस येते हं, पाच मिनिटांत येते." गेली कित्येक वर्षं ते प्रत्येकाला असंच सांगत असणार.

बस आली तेव्हा आत सीट रिकामी होती. मी म्हटलं, "बसा ना, बाबा."

"गाडीत मी बसत नाही," ते म्हणाले, आणि दांडा धरून उभे राहिले.

कोर्टाची खोली आमच्या शाळेच्या वर्गासारखी होती. वर पंखा, खाली डाग पडलेली फरशी, फायलींचा ढीग. बाबांनी खरं सांगेन अशी शपथ घेतली. न्यायाधीशबाईंची सर्दी तशीच होती. त्या म्हणाल्या, "आजोबा, खुर्चीवर बसून बोला."

"बसू?" बाबांनी खात्री करून घेतली. मग असे काही ऐसपैस बसले, पाठ टेकवून, की मला वाटलं आता घोरतात की काय.

"ही अर्जावरची सही तुमची?"

"हो."

मामेभाऊ उठला. त्याने हार मानली नव्हती, आणि खरं सांगायचं तर मीही नाही. "नोंदीतल्या सहीशी ही जुळत नाही. साक्षीदारांनी इथेच सही करून दाखवावी."

शिपायाने टेबल सरकवलं, कागद दिला. बाबांनी चष्मा नीट केला आणि सही केली. सरळ, ठसठशीत, नोंदीतल्यासारखीच. अर्जावरच्या सहीशी तिचं काही नातं नव्हतं.

"पाहिलंत?" मामेभाऊ जवळजवळ उडालाच. "अर्जावरची सही यांची नाही!"

माझ्या पोटात आनंदाची एक लहर उठली. लाज वाटायला हवी होती, पण ती लहर आधी पोचली.

न्यायाधीशबाई दोन्ही कागद पाहत होत्या. "आजोबा, तुम्ही शपथेवर आहात. सही वेगळी आहे."

"ही बसून केली," बाबा म्हणाले. "ती उभ्याने केली होती."

"म्हणजे?"

"थांब्यावर. तिथे बसायला काही नाही, टेबल नाही. हे चष्मेवाले म्हणाले, माझ्या पाठीवर कागद ठेवा. ते वाकले. मी सही केली."

खोलीत कोणीतरी फिसकन हसलं. न्यायाधीशबाईंनी शिंक आवरली आणि मागच्या रांगेकडे पाहिलं. "चष्मेवाले कोण? पुढे या. वाका."

"हरकत आहे!" मामेभाऊ म्हणाला. "पाठ हा पुरावा कसा होऊ शकतो?"

"आज दुसरा नाही. वाका हो."

चष्मेवाले खोलीच्या मधोमध कंबरेत वाकले. ज्या माणसाने मला खाली खेचायचं ठरवलं होतं तो माझ्यासमोर असा वाकलेला पाहून मला मजा यायला हवी होती. पण त्याच्या शर्टाला मागे ठिगळ होतं आणि ते नीट शिवलेलं नव्हतं, माझं लक्ष तिथेच अडकलं. बाबा खुर्चीतून उठले. नाइलाजानेच. एका हाताने चष्मेवाल्यांचा खांदा धरला, दुसऱ्या हाताने सही करू लागले. पेन शर्टावरून खाली-वर झालं. शेवटच्या अक्षराला आले आणि चष्मेवाले खदखदले.

"काय झालं?"

"माफ करा, मॅडम. गुदगुल्या होतात तिथे. तेव्हाही झाल्या होत्या."

शेवटचं अक्षर टुणकन उडी मारून वर गेलं होतं.

न्यायाधीशबाईंनी कागद अर्जाशेजारी ठेवला. बराच वेळ पाहिला. मग मामेभावाकडे सरकवला. मामेभावाने पाहिलं आणि माझ्याकडे पाहायचं टाळलं.

"सही मागे घेण्याबद्दल काही म्हणायचंय?" न्यायाधीशबाईंनीच विचारलं.

"साक्षीदारांना तसं वाटत असेल तर..." मामेभाऊ पुटपुटला.

"अर्ज दाखल व्हायच्या आधी मागे घेता आली असती. आता नाही."

"आधी घेता येते?" बाबांना नवल वाटलं. "मग तिकिटासारखं नाही ते."

"आजोबा, ही सही करताना कोणी जबरदस्ती केली? कागदावर काय लिहिलंय ते माहीत होतं?"

"सगळं वाचलं होतं. उभ्याने वाचलं, म्हणून वेळ लागला."

त्यांनी निकाल सांगितला तो साधा होता. सही मतदाराची आहे, त्याने समजून केली आहे. सह्या पूर्ण भरतात. मतदान होईल. "सदस्यबाईंनी बाक बसवला की नाही, का नाही बसवला, हे या खोलीत ठरणार नाही," त्या माझ्याकडे पाहून म्हणाल्या. "कोर्टाने सदस्य निवडला नव्हता, कोर्ट त्याला काढणारही नाही. ज्यांनी बसवलं तेच उठवतील किंवा ठेवतील. मी मध्ये फक्त एवढंच पाहिलं की मागणारा माणूस खरा आहे."

बाबांचा चेहरा एकदम उजळला. "म्हणजे तुम्हीपण तपासनीसच!" ते म्हणाले. "तिकीट खरं की खोटं एवढंच बघायचं. माणूस कुठे चाललाय ते विचारायचं नाही."

"जवळपास," न्यायाधीशबाई म्हणाल्या, आणि या वेळी रुमाल सर्दीसाठी नव्हता.

मी तिथे उभी होते. शपथेवर खोटं लिहून देणारी, आणि तेही खरं समजून. मतदाराचा अधिकार या विषयावर कॉलेजात मी निबंध लिहिला होता, बाईंनी तो वर्गात वाचून दाखवला होता. त्या निबंधातला मतदार पडद्याच्या पलीकडे बसून रेडिओ ऐकत असतो, हे त्यात आलं नव्हतं. निबंधाला चारच मार्क होते.

"आजोबा, तुमचं झालं. आणखी काही सांगायचंय?"

बाबा पुन्हा खुर्चीत बसले होते. उठायची त्यांना घाई दिसत नव्हती. "मतदान होईपर्यंत ही सदस्य आहे ना?"

"आहे."

"तिला बोललं तर चालेल?"

न्यायाधीशबाईंनी मान डोलावली. बाबा माझ्याकडे वळले. चिडलेले नव्हते. जेवताना बसतात तसे बसले होते, हात गुडघ्यांवर ठेवून.

"सूनबाई, छत नको, कुंड्या नकोत. थांब्यावर एक बाक बसव. पाठ टेकता येईल असा."